ओट्यासमोरची खिडकी

त्यांच्याबद्दल कोणी चांगलं बोलायला लागलं की मी उठून आत जाते. जालन्यात त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारे इतके आहेत की माझं हे उठणं फार होतं. बँकेत तर उठताही येत नाही. परवा काउंटरवर एक गृहस्थ आले, पासबुक भरून घेता घेता म्हणाले, "तुम्ही त्या सरांच्या वरच्या मजल्यावर राहत होतात ना? भाग्यवान हो तुम्ही. देवमाणूस!" मी पासबुक पुढे सरकवलं आणि "पुढचे कोण?" म्हटलं. देवमाणूस म्हणे. बरं, ते तसे नव्हते असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

आम्ही त्यांचे भाडेकरू. नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं घर. खाली ते आणि काकू, वर आम्ही तिघं. मी बँकेत, माझे मिस्टर एमआयडीसीत लोखंडी सळ्यांच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि आमची मुलगी. तिथे सात वर्षं काढली. काका शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कवायत काही त्यांच्या अंगातून निवृत्त झाली नव्हती. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, आम्ही काका.

बसलेला माणूस त्यांना बघवायचा नाही. "अंग हालवा, अंग!" हे त्यांचं पालुपद. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी आमच्या दारात दहा बैठका काढायला लावल्या, का, तर टाकी उचलताना तो कमरेतून वाकला. विजेचा मीटर वाचणारा माणूस गल्लीच्या टोकाला थांबून काका अंगणात नाहीत ना हे आधी बघायचा, मगच फाटक उघडायचा. पाहुणा आला तर त्याला चहा मिळायचा, खुर्ची मिळायची नाही. अंगणात उभ्यानं चहा पिताना टाचा वर-खाली करत राहायचं, अशी पद्धत होती.

आणि तरीही मिस्टरांचा हात कारखान्यात सळईखाली सापडला तेव्हा दवाखान्यात तीन दिवस तेच बसून होते. हो, बसून. नंतर दोन महिने रोज सकाळी वर येऊन ते मिस्टरांना ओला पंचा पिळायला लावायचे. मिस्टर कळवळायचे, हे म्हणायचे, "पिळा, पिळा, अजून पाणी हाय त्यात." तो हात आज चालतो तो काकांमुळे. काकांचं नाव निघालं की मिस्टर अजून त्या हाताकडे बघतात. मी बघत नाही.

जेवणाचं त्यांचं आणखी वेगळं. बाहेरचं अन्न वर्ज्य. हॉटेल तर सोडाच, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे पितळी डबा उघडून घरची ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी काढायचे. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं आमच्याकडचं पीठ, घरोघरी असतं. वाढपी जिलबी घेऊन आला की डब्यावर आडवा हात. नवरीच्या बापाला वाईट वाटू नये म्हणून त्याला जवळ बोलवून अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवायचे. लोक कौतुकानं हसायचे. ती भाकरी पहाटे उठून कोणी केली, हे कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

आमच्या तिथल्या शेवटच्या तीन वर्षांत दर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ते सगळ्यांना समुद्रावर न्यायचे. सगळे म्हणजे ते दोघं, आम्ही तिघं आणि समोरच्या घरातले चौघं. आमच्याकडे मे महिन्यात नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवस पाणी नसतं. ड्रमातलं पाणी तांब्यानं मोजून वापरणाऱ्या माणसाला समुद्र म्हटलं की काय होतं, हे कोकणातल्या माणसाला कळायचं नाही. तिसरा आठवडा अशासाठी की गर्दी ओसरलेली असते आणि समुद्र अजून बिघडलेला नसतो. सुट्टीत लोळत पडणं म्हणजे काकांच्या मते पाप होतं. सुट्टी म्हणजे वाळूवर पळणं, पाण्यात पोहणं, गड चढणं. पोहण्यात ते पटाईत होते, हे मानायला हवं. समोरच्या घरातल्या दोन्ही मुलांना आणि माझ्या मुलीला त्यांनीच शिकवलं, आणि छान शिकवलं.

ठिकाण निवडायचं काम होळी झाली की सुरू व्हायचं. संध्याकाळी गच्चीवर बैठक, आणि ही बैठकसुद्धा उभ्यानं. मध्ये नकाशा पसरलेला, चारी कोपऱ्यांवर विटा. काका फोनचा आवाज मोठा करून कोकणातल्या एकेका घरगुती लॉजवाल्याला गाठायचे.

"हॅलो, मी जालन्याहून बोलून राह्यलो. तुमच्या इथं समुद्र हाय का?"

"आहे ना. समोरच."

"किती लांब?"

"पन्नास पावलं हो."

"तसं न्हाई. किनारा किती लांब हाय? सकाळी पोरं पळवायची हायेत."

"पुष्कळ आहे. दमाल तुम्ही."

"मी न्हाई दमत. जवळ डोंगर?"

"गड आहे छोटासा. अर्धा तास लागतो चढायला."

"मंग छोटासा कामून म्हणता? बराबर हाय. आता सांगा, स्वैपाकाला ओटा हाय का?"

"अहो जेवण आम्ही देतो. अगदी घरगुती."

"तुमचं जेवण ऱ्हाऊ द्या. ओटा हाय का?"

"आहे."

"ओट्यासमोर खिडकी?"

इथे पलीकडचा माणूस जरा थांबायचा. "खिडकी... आहे."

"तिच्यातून काय दिसतं?"

"काय दिसायचं? नारळ दिसतात. विहीर दिसते."

"समुद्र न्हाई दिसत?"

"खिडकीतून कशाला? बाहेर आलात की दिसतो."

"मंग न्हाई जमायचं." फोन बंद, आणि नकाशावर लाल फुली.

मग ते आमच्याकडे वळून म्हणायचे, "घरची बाई उभी राहून भाकरी करती. तिला समुद्र नको दिसायला?"

पहिल्या वर्षी हे ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरंच सांगते. रात्री मी मिस्टरांना म्हटलं, "बघा, शिका काही. इतक्या बारीकसारीक गोष्टीत बायकोचा विचार. तुम्हाला सुचलं असतं कधी?" आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

असं करत करत त्या पहिल्या वर्षी रत्नागिरीच्या अलीकडचं एक खेडं ठरलं. टेम्पो ट्रॅव्हलरच्या टपावर आमच्या बॅगा, ज्वारीच्या पिठाची गोणी, लोखंडी तवा आणि पीठ मळायची भली मोठी लाकडी काठवट. घाटात एकदा दोर सैल झाला तर काकांनी आधी काठवट धरली.

ओट्यासमोर खिडकी होती, आणि तिच्यातून समुद्र खरोखर दिसत होता. निळा, लांबच लांब, उन्हात लकाकणारा. आणि त्यात आमची सगळी माणसं. काका कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मुलांना हात कसे मारायचे ते दाखवतायत, मिस्टर आणि समोरचे एकमेकांवर पाणी उडवतायत. ओट्याशी काकू, मी आणि समोरच्या वहिनी. काका पाण्यातून भुकेले बाहेर यायचे आणि त्यांना तव्यावरची भाकरीच लागायची, थंड नाही. सगळ्यांनी तसंच जेवायचं, कारण ते प्रकृतीला चांगलं. सकाळी नऊला भाकरी, दुपारी एकला भाकरी, संध्याकाळी साडेसातला भाकरी. मधल्या वेळात भांडी, भाजी, चहा. भिंतीवर त्यांनी दिवसाचं वेळापत्रक लावलं होतं, त्यात बायकांचं नाव कुठेच नव्हतं. मी हसत हसत विचारलं तर म्हणाले, "बायांचा व्यायाम स्वैपाकात बराबर होतो. भाकरी थापणं म्हंजे खांद्याचा उत्तम व्यायाम. आमच्या हिचे दंड बघा!" काकूंचा हात धरून त्यांनी आम्हाला दंड दाखवला. काकू लाजून हसल्या. मीपण हसले.

काकू म्हणजे साठीतली, बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच ओट्याशी होतो. त्या भाकरी थापत होत्या आणि नजर खिडकीबाहेर. हात आपोआप चाललेले.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मला एकदा अंग टाकायचंय त्या पाण्यात."

"जाऊ की. संध्याकाळी जाऊ. काठाकाठानं."

"काठाकाठानं न्हाई गं. पोहायचंय."

मी कांदा चिरता चिरता थांबले. "तुम्हाला पोहता येतं?"

"न यायला काय झालं? माहेरी परतूरकडं आमची विहीर व्हती. आक्कानं पाठीला रिकामा डबा बांधून देलं ढकलून. आठ दिवसांत डबा सोडला मी. तळाचा दगड मी काढून आणायचे, भाऊ काठावर बसून बघायचे."

"मग?"

"मंग काय. लगीन झालं."

"काकांना माहीत आहे?"

"न्हाई." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "आता येतं का न्हाई कोणाला ठावं. ते एकदा बघायचंय. बस, दुसरं काही न्हाई."

बेचाळीस वर्षांचा संसार, आणि जगाला पोहायला शिकवणाऱ्या माणसाला बायकोला पोहता येतं हे माहीत नाही. काकूंनी सांगितलं नाही म्हणाल, तर सांगायला मध्ये जागा कुठे होती? ते कायम शिकवत असायचे.

त्या सहलीत काकूंचे पाय घोट्यापर्यंत भिजले. संध्याकाळी पाचला मोकळ्या झाल्या की त्या वाळूवर यायच्या, साडी जरा उचलून उभ्या राहायच्या, आणि सहाला पीठ मळायला परत. दुसऱ्या वर्षी दुसरं खेडं, दुसरी खिडकी, हीच गत. त्या वर्षी माझी मुलगी, दहा वर्षांची, पाण्यातून ओट्यापाशी आली, अंगाला वाळू लागलेली, आणि म्हणाली, "आई, समुद्रात बायका येत नसतात का?" मी तिला म्हटलं, जा, टॉवेल घे. पण तो प्रश्न मनात अडकला तो अडकलाच. दुसऱ्या दिवशी मी काकांना म्हटलं, "काका, एक दिवस लॉजवालीकडे जेवू. चांगलं करते ती."

"आणि पोट बिघडलं म्हंजे? गडावर कोण चढणार मंग?"

"कोणाचंही बिघडणार नाही."

"न्हाई न्हाई. बिलकुल न्हाई." आणि प्रेमानं माझ्या पाठीवर थाप मारली. आवाज कधी चढवायचे नाहीत. आवाज चढवणाऱ्याशी भांडता तरी येतं.

रात्री मिस्टर म्हणाले, "जाऊ दे ना. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

चार दिवसांचाच प्रश्न होता. वर्षाचे बाकीचे तीनशे साठ दिवस ती बाई ओट्याशीच उभी होती, त्याबद्दल मी कुठे काय म्हणत होते? चारच मागत होते.

तिसऱ्या वर्षी मात्र पीठच फसलं. काकांनी या वेळी आठवडाभर आधी दळण आणून ठेवलं, ऐन वेळी घाई नको म्हणून. इतक्या दिवसांचं ते पीठ कोकणच्या दमट हवेत जाऊन पडलं, त्याची विरी गेली. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. ती गेली की भाकरी थापताना कडेनं फाटते, उचलताना तुटते, तव्यावर तुकडे होतात. ज्वारी खाणाऱ्या घरातल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं, आणि बाईला विचारलं असतं तर कळलंही असतं. काकू उकळतं पाणी घालून उकड काढून बघत होत्या, तरी तीनातली एक धड व्हायची. दुप्पट वेळ लागायला लागला. नऊची न्याहारी अकराला. काका आत डोकावून म्हणायचे, "होऊ दे निवांत. घाई न्हाई." घाई नाही! म्हणजे तिनं निवांत दुपारपर्यंत उभं राहावं.

चौथ्या दिवशी सकाळी लॉजवाला सांगून गेला, "आज काय ते पोहून घ्या. उद्यापासून पाण्यात उतरू नका. वारा फिरलाय, होड्या वर ओढायला घेतल्यात आम्ही." हे काकूंनी ऐकलं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे हात जल्दी चालायला लागले. भराभर थापतायत, भाकरी फाटतेय, परत गोळा करतायत, परत थापतायत. बाराच्या आत संपवायचं आणि उतरायचं, असं त्यांच्या मनात होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. बारा वाजले. गोळा संपेना. खिडकीतून हसण्याचे आवाज येत होते. एक भाकरी तव्यावर पडता पडता मधोमध तुटली, आणि माझं डोकं फिरलं.

मी गॅस बंद केला. काकूंचा पिठाचा हात धरला. "चला."

"अगं, पीठ..."

"मरू दे पीठ. चला म्हणते ना."

मी त्यांना ओढत वाळूवर आणलं. लॉजच्या पायरीपासून पाणी चाळीस पावलांवर. काका बाहेर आले, केस निथळतायत, चेहरा फुललेला. "झाल्या का भाकरी?"

"नाही झाल्या. होणार नाहीत. काकू पाण्यात जाणार आहेत."

सगळे बघायला लागले. मिस्टर मला खुणेनं गप्प राहा म्हणत होते. काका बुचकळ्यात पडले, खरंच पडले, नाटक नव्हतं ते. "पाण्यात? हिला कुठं येतं पोहता? लाटा बघा ना आज. आणि साडी नेसून? बुडंल ती."

माझ्या जिभेवर आलं होतं, येतं त्यांना, तुमच्याआधीपासून येतं. पण काकूंनी माझा हात इतक्या जोरात दाबला की मी थांबले. का थांबले? बोलायला हवं होतं. तो राग माझ्यावरचा आहे, तो मी दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

"काका, तीन वर्षं झाली. काकूंनी समुद्र पाहिलेलाच नाही."

"असं कसं? रोज बघती ती. खिडकी कशासाठी हुडकली मंग मी?" त्यांचा आवाज दुखावलेला होता. "शंभर फोन केले असतील मी त्या खिडकीसाठी. कोण करतं एवढं?"

या माणसाशी काय बोलायचं? त्याला वाटत होतं त्यानं बायकोला समुद्र दिला.

काकू म्हणाल्या, "पीठ वाळून जाईल." आणि वळून लॉजकडे चालायला लागल्या. पाणी दहा पावलांवर होतं. मला त्या क्षणी काकांपेक्षा काकूंचा जास्त संताप आला. मी वाळूत उभी राहून रडले, सगळ्यांसमोर, आणि मग मुलीचा हात धरून लॉजवालीच्या पडवीत जाऊन जेवले. संध्याकाळच्या एसटीनं आम्ही दोघी परत निघालो. मिस्टर टेम्पोतून आले, दुसऱ्या दिवशी.

त्या दिवाळीच्या आत आम्ही घर सोडलं. काकांनी सामान हलवायला चार माणसं आणली, कपाट स्वतः खांद्यावर घेतलं, आणि जाताना मुलीला उड्या मारायची नवी दोरी दिली. असा माणूस. त्याला शिव्या घालायच्या तरी कशा? मी मनातल्या मनात घातल्या.

दोन वर्षं गेली. यंदा मार्च संपत आलेला, काकू बँकेत आल्या. एकट्या, रिक्षानं. रांगेत उभ्या राहून माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "यंदाचं ठिकाण ठरलं त्यांचं. खिडकी एकदम मोठी हाय म्हणतात. भिंतभर."

मी त्यांचं पासबुक हातात घेतलं.

"मी न्हाई येत म्हटलं."

"मग?"

"मंग तेबी चालले न्हाईत. माझ्याबिगर कोण करणार?" त्यांनी पदर सारखा केला. "तू नेतीस का मला?"

मागच्या गृहस्थांनी घसा खाकरला. मी म्हटलं, "जेवायच्या सुट्टीपर्यंत बसा. ठरवूनच जा."

सुट्टीत आम्ही दोघी बँकेच्या मागच्या पायरीवर बसलो आणि माझ्या फोनवरून एकेका लॉजवाल्याला गाठायला लागलो. समुद्र कसा आहे, किनारा किती, गड आहे का, यातलं काही काकूंनी विचारलं नाही. त्यांचा एकच प्रश्न.

"स्वैपाकाला ओटा हाय का?"

"आहे ना मावशी! गॅस, भांडी, सगळी सोय."

"मंग न्हाई जमायचं."

तीन ठिकाणं अशी गेली. चौथ्या ठिकाणी एक बाई होती. ती म्हणाली, "स्वयंपाकघर फक्त आमचंच आहे हो. पाहुण्यांना आत येऊ देत नाही मी. जेवण आमच्याकडेच घ्यावं लागेल."

"बराबर," काकू म्हणाल्या. "दोन माणसं."

निघायच्या दिवशी मी रिक्षा घेऊन त्यांच्या दारात गेले. काका अंगणात उभे. मला बघून टाचा वर-खाली करायचे थांबले. दोन वर्षांनी भेटत होतो, पण त्यांनी आधी मिस्टरांच्या हाताची चौकशी केली. मग काकूंकडे वळले. "भरती कळती का तुला? ओहोटी कळती? तिथं बघणार कोण तुझ्याकडं?"

"ही हाय की."

"आणि माझं जेवण?"

"पीठ डब्यात हाय. ताजं दळून आणलं. येसर वरच्या फळीवर."

"मला भाकरी येती का?"

काकूंनी रिक्षात पाय ठेवला. "शिका की," त्या म्हणाल्या. "खांद्याचा व्यायाम होतो."

रिक्षावाला हसला. मी हसले नाही. मला भीती वाटत होती की कोपऱ्यावर जाऊन त्या रिक्षा परत फिरवायला सांगतील. स्टेशन येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्या लॉजवाल्या बाईनं दोन काळ्या खडकांच्या मधली जागा दाखवली, भरती लागताना जा, ओहोटीला नको, असं बजावलं. काकूंनी माझा सलवार-कमीज घातला होता, जन्मात पहिल्यांदा. सारखी ओढणी शोधत होत्या. मला पोहता येत नाही. मी कमरेएवढ्या पाण्यात थांबले, आणि त्या पुढे गेल्या.

पहिल्या लाटेनं त्यांना मागे ढकललं. दुसरी तोंडात गेली. "खारट हाय की गं मेलं!" त्या ठसकत ओरडल्या. विहिरीचं पाणी जागच्या जागी राहतं, हे पाणी राहीना. तिसऱ्यांदा त्या लाटेच्या आधीच आडव्या झाल्या, आणि मग मला नुसतं डोकं दिसायला लागलं. मान ताठ वर, बेडकासारखे पाय, हात भाकरी थापून थापून घट्ट झालेले, ते पाणी बाजूला सारतायत. इतक्या वर्षांनी. येत होतं. सगळं येत होतं! मी वेड्यासारखी टाळ्या वाजवत होते, आणि त्या लांब जाऊन, वळून, परत जात होत्या. मी मोठ्यानं हाका मारल्या तेव्हा कुठे बाहेर आल्या.

वाळूवर बसल्या. धाप लागलेली, डोळे लाल. मला वाटलं आता रडतील. पण त्या रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. मी त्यांना सात वर्षांत कधी तशा पाहिल्या नव्हत्या. मागे वळून त्यांनी लॉजच्या पायरीपासून पाण्यापर्यंत नजर टाकली.

"किती असंल गं हे?"

"तीस-चाळीस पावलं."

"चाळीस पावलं," त्या म्हणाल्या. "चाळीस पावलंबी न्हाईत. आणि मी पीठ वाळतंय म्हणून माघारी गेल्ते." त्यांनी मूठभर वाळू उचलून जोरात फेकली. वाऱ्यानं ती आमच्याच अंगावर आली. दोघींनी तोंडातली वाळू थुंकली.

तेवढ्यात माझ्या पिशवीत त्यांचा फोन वाजला. त्यांचे हात ओले, म्हणून मीच तो उचलून आवाज मोठा करून त्यांच्यासमोर धरला.

"जेवलीस का?" काकांचा आवाज.

"न्हाई अजून. तुम्ही?"

"तव्याला चिकटली." मग जरा थांबून, "पाण्यात गेल्तीस?"

"गेल्ते."

"कुठवर? गुडघ्यावर?"

"पाय टेकत न्हाई तिथवर."

मला वाटलं फोन कटला. "मंग तिथं... कशी काय ऱ्हायलीस?"

"पोहत."

आणि मग त्या माणसानं, ज्यानं जालन्यातल्या निम्म्या मुलांना पाण्यात सोडलं होतं, त्यानं विचारलं, "तुला कोणी शिकवलं?"

काकूंनी फोनकडे बघितलं. मला वाटलं आता सांगतील. आक्का, विहीर, तळाचा दगड, सगळं. त्यांचं तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी ते मिटलं, सलवारीची वाळू झटकली आणि उठून पाण्याकडे चालायला लागल्या.

"हॅलो? आवाज येऊन राह्यला का? कोणी शिकवलं म्हणून इचारलं मी. हॅलो?"

"काका," मी म्हटलं, "त्या पोहायला गेल्यात. नंतर फोन करा."